भिंतीवरचे पोस्टर आणि जाहिरातीतील वेलची

पार्लेकर: परवा इथे एका पालकांनी सल्ला दिला की मुलांच्या खोलीतील खेळाडूंची पोस्टर्स उतरवावीत, कारण व्यावसायिक खेळाडू हा पैसे घेऊन करमणूक करणारा माणूस आहे आणि आदर्श म्हणून आईवडील पुरेसे आहेत. ते वाचल्यापासून मी चरफडतो आहे. मूल आपल्याला विचारून आदर्श निवडते, असे या गृहस्थांना वाटते की काय? 1988 साली आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची 664 धावांची भागीदारी झाली, तेव्हा मी सहावीत होतो. पुढे त्यांचे प्रशिक्षक आचरेकर सर सरावात स्टंपवर नाणे ठेवत आणि बाद न होता टिकणाऱ्या फलंदाजालाच ते मिळे, ही गोष्ट कळली. मी क्रिकेटमध्ये सोसायटीच्या संघापलीकडे गेलो नाही. पण सीएच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्यावर अभ्यासाला बसताना टेबलावर एक रुपया ठेवू लागलो आणि ठरलेले पान संपेपर्यंत उठत नसे. वडील सज्जन होते, परंतु एकच गोष्ट हजार वेळा न कंटाळता कशी करावी, हे मला त्यांच्याकडून नव्हे, त्या मैदानाकडून समजले.

डोंबिवलीची आई: तुमचे नाणे टेबलावर राहिले, आमचे मात्र खात्यातून गेले. 2023 च्या विश्वचषकाच्या वेळी माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या मोबाइलवरून पैसे लावून संघ बनवण्याच्या खेळात चौदाशे रुपये घालवले. रागावल्यावर त्याने शांतपणे त्या खेळाची जाहिरात करणाऱ्या आपल्या आवडत्या फलंदाजाचे नाव घेतले आणि 'ते खोटे कशाला सांगतील?' असे मलाच विचारले. मेहनत घ्यावी आणि जाहिरात सोडावी, हा विवेक पन्नाशीच्या माणसाला जमत असेल. मूल आख्खा माणूस घेते.

पार्लेकर: ताई, सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. तंबाखूची जाहिरात करणार नाही, हा वडिलांना दिलेला शब्द पाळून सचिन 1996 च्या विश्वचषकात बिनस्टिकरच्या बॅटने खेळला. 2001 साली ऑल इंग्लंड ही बॅडमिंटन स्पर्धा जिंकल्यावर पुलेला गोपीचंदने शीतपेयाची जाहिरात नाकारली. अशी माणसेही याच व्यवसायात आहेत.

गिरगावकर: अहो, ज्या विश्वचषकाचे उदाहरण तुम्ही देता, त्याचे नावच सिगारेटच्या ब्रँडवरून ठेवलेले होते! शब्द पाळल्याचे कौतुक मलाही आहे, परंतु त्याच खेळाडूच्या वांद्र्याच्या घरासमोर ऑगस्ट 2023 मध्ये ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवरून आंदोलन झाले, हे तुम्ही सोयीस्करपणे विसरता. तंबाखू नाही म्हटले होते, मोबाइलवरचा खेळ नाही असे म्हटले नव्हते, असा हिशेब असेल तर बोलणेच खुंटले.

पार्लेकर: आंदोलन झाले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असे होत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये आला. त्याआधीच्या गोष्टीसाठी एका माणसाला बांद्र्याच्या रस्त्यावर उभे करणे मला मान्य नाही. ज्याने चोवीस वर्षे देशासाठी खेळून नाव मिळवले, त्याच्यावर गिरगावात बसून शेरे मारणे सोपे असते.

गिरगावकर: पार्ल्यात बसून आरती ओवाळणे त्याहून सोपे असते. कायद्यात बसते की नाही, हे मी वकिलाला विचारेन. मुलाने कोणासारखे व्हावे, हे ठरवताना तेवढ्याने माझे भागत नाही.

निवृत्त पीटी शिक्षक: एक गोपीचंद सोडला तर तुम्हा सर्वांचे भांडण क्रिकेट या एकाच खेळाभोवती फिरते आहे, हे कुणाच्या लक्षात आले का? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी महाराष्ट्राला नेमबाज स्वप्नील कुसाळेपर्यंत, म्हणजे 2024 च्या पॅरिसपर्यंत थांबावे लागले. मी तीस वर्षे पीटीचा तास घेतला. खरे तर घेतला कमी आणि गणिताच्या बाईंना दिला जास्त. वर्गात खाशाबांचे नाव विचारले की मुले एकमेकांकडे पाहत. आदर्श असावेत की नसावेत याची चर्चा अवश्य करा, पण मुलांसमोर ते ठेवतो कोण, तर ज्याला काही विकायचे आहे तो!

डोंबिवलीची आई: सर, हेच मला म्हणायचे होते. आणि ती जाहिरातीतली वेलची! निवृत्त दिग्गज क्रिकेटपटू एवढ्या थाटात हसत वेलची खातात, तशी वेलची कोणाच्या घरी खाल्ली जाते? आमच्या घरी ती शिऱ्यात पडते. त्या पाकिटाच्या नावाचा पानमसाला स्टेशनबाहेरच्या टपरीवर लटकलेला मुलाला दिसतोच.

पार्लेकर: वेलचीचे मान्य, त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. गिरगावकरांना आता ढोल वाजवायला हरकत नाही. पोस्टर मात्र मी उतरवणार नाही.

डोंबिवलीची आई: आमच्याकडचेही अजून भिंतीवरच आहे. मी फक्त मोबाइलचा पासवर्ड बदलला.

निवृत्त पीटी शिक्षक: खाशाबांचे पोस्टर दादरला कुठे मिळत असल्यास कृपया कळवावे. मी तीन दुकाने पालथी घातली. तिन्हीकडे मला क्रिकेटपटूच दाखवले.