मुलीला सायकलने शाळेत पाठवायचे आहे, पण मध्ये महामार्ग येतो, काय करावे?

प्रश्न – एक पालक, यावल तालुका

नमस्कार. आमचे गाव बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याला लागून आहे आणि माध्यमिक शाळा रस्त्याच्या पलीकडे, घरापासून सुमारे दोन किलोमीटरवर आहे. मुलगी यंदा सहावीत गेली असून तिला मैत्रिणींबरोबर सायकलनेच जायचे आहे. मलाही ते मनापासून हवे आहे. परंतु गेल्या आठवड्यात मी तिच्या मागोमाग गेलो आणि जे पाहिले त्याने माझी झोप उडाली. डांबराचे थर एकावर एक चढल्यामुळे रस्त्याची कड साइडपट्टीपेक्षा चांगली चार बोटे उंच झाली आहे. केळीने भरलेला ट्रक मागून हॉर्न देत आला, की ती सायकल खाली मातीत उतरवते, आणि पुन्हा वर घेताना पुढचे चाक त्या कडेला घासून हँडल एकदम रस्त्याच्या मधल्या बाजूला वळते. जाताना असे पाच वेळा झाले. गतिरोधकासाठी अर्ज करावा का, कोणाकडे करावा, आणि तोपर्यंत आम्ही पालकांनी काय करावे?

उत्तर – निवृत्त अभियंता, धुळे

भाऊ, आपण बरोबर जागेवर बोट ठेवले आहे. गतिरोधकाचे नंतर पाहू, आधी ती कड दुरुस्त करून घ्या. साइडपट्टीवर मुरूम टाकून, तो दाबून डांबराच्या पातळीला आणणे हे नेहमीच्या देखभालीचे काम आहे. त्यासाठी नवा प्रकल्प मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही. रस्त्याचा तो भाग नेमका कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे हे ग्रामपंचायतीत विचारूनच अर्ज लिहा, नाहीतर तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा आणि कडेला पट्टी उभी धरून काढलेले छायाचित्र लावा, म्हणजे कड किती उंच आहे यावर वाद उरत नाही.

राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक सहसा मंजूर होत नाहीत, म्हणून तेथे शाळेचा फलक, झेब्रा पट्टे आणि त्यांच्या अलीकडे खडखडणाऱ्या जाड आडव्या पट्ट्या मागाव्यात. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते, ३० च्या वेगाची सुमारे ८ मीटर. मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एखादा सेकंद जातोच, आणि तेवढ्या अंतरातच सगळे ठरते. एक कळकळीची विनंती: गावकऱ्यांनी रातोरात स्वतः उंचवटा घालू नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. अरुंद, उभ्या उंचवट्यावर ट्रकच्या आधी आपल्या मुलांच्या सायकलीच आदळतात.

उत्तर – शिक्षक, शहादा

अभियंता साहेबांनी रस्त्याचे सांगितले, मी फाटकाचे सांगतो. आमच्याकडे शाळा सुटताना सर्वांत मोठा धोका मुलांना न्यायला आलेल्या पालकांच्याच मोटारसायकलींचा आणि रिक्षांचा होता, हे मान्य करायला आम्हाला दोन वर्षे लागली. आता पायी व सायकलने जाणारी मुले दहा मिनिटे आधी सुटतात आणि वाहने फाटकापासून शंभर पावलांवर थांबतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे असा निर्णय त्या बैठकीत सहज होऊ शकतो. रस्ता ओलांडण्याच्या जागी आर.एस.पी.ची (शाळेतील रस्ता सुरक्षा दलाची) मुले एकटी उभी करू नयेत. त्यांच्याबरोबर शिट्टी व लाल झेंडा घेतलेला एक मोठा माणूस हवाच. जी मुले पायी येतात त्यांना पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालायला शिकवावे.

उत्तर – एक आई, पारोळा

दादा, सायकल तिच्या मापाची आहे का ते एकदा पाहा. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकत नसतील, तर ट्रक आल्यावर तिला पाय टेकून थांबता येणार नाही. घरातल्या मोठ्या भावाची सायकल धाकटीला देण्याची आपल्याकडे रीतच आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. दप्तर हँडलला अडकवू देऊ नका, मागच्या कॅरिअरला बांधा. दिवाळीनंतर शाळा सुटेपर्यंत ऊन उतरलेले असते, तेव्हा मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. आणि धोका टाळायचा म्हणून आठवी-नववीच्या मुलांच्या हाती स्कूटर देणाऱ्या पालकांनी २०१९ ची मोटार वाहन कायद्यातील दुरुस्ती जरूर वाचावी: अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. सायकलचे माप पाहिले; सीट दोन बोटे खाली घ्यावी लागली. रविवारी आम्ही सात पालक मुलांबरोबर पूर्ण रस्ता पायी चाललो, तेव्हा मुलांनीच दाखवले की वळणावरच्या वेड्या बाभळीमुळे त्यांच्या उंचीवरून येणारा ट्रक दिसतच नाही. आम्हा उभ्या माणसांना तो दिसत होता. बाभूळ सोमवारी ग्रामपंचायतीने तोडली. कडेचा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडणार आहोत. तोपर्यंत रस्ता ओलांडण्याच्या जागी सकाळी व संध्याकाळी आम्ही पाळीपाळीने उभे राहतो. उद्या माझी पाळी आहे.