फ्रान्समधल्या लूर्द तीर्थस्थानासारखी अनेक भाषांतली रोझरी (जपमाळेची प्रार्थना) गटात कशी घ्यावी?

प्रश्न: गटात मराठी, कोंकणी, तमिळ, पोलिश बोलणारे आहेत. प्रार्थना एकमेकींत मिसळते. लूर्दच्या रात्रीच्या मेणबत्ती-मिरवणुकीत हे कसं जमतं?

उत्तर: तिथे प्रार्थना सांगणाऱ्यांची भाषा बदलत जाते, प्रत्येक प्रार्थनेचा पूर्वार्ध त्यांच्या भाषेत, उत्तरार्ध ज्याच्या त्याच्या. तुम्हीही पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे भाग) भाषावार वाटा. दर दशकात एक ‘हे आमच्या बापा’, दहा ‘नमो मरिया’, एक ‘गौरव’ प्रार्थना.

उत्तर: घोळ उत्तराच्या लांबीत असतो. शेवटचं ‘आमेन’ ऐकल्याशिवाय पुढचा मणी धरायचा नाही. माइक एकच!

उत्तर: गुरुवार असेल तर कोणती रहस्यं (मनन करायचे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग) घ्यायची ते आधी ठरवा. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं २००२ मध्ये आली, जुन्या पुस्तिकांत सापडणार नाहीत. शेवटी ‘साल्वे रेजिना’ हे मरियेचं स्तोत्र लॅटिनमध्येच घ्या, कागद छापून वाटा.