शेणाने भरलेले शिंग आणि मोरचूद: सेंद्रिय व बायोडायनॅमिक वाइनच्या बागेत नेमके वेगळे काय असते?

प्रश्न (राइनकाठ)

नमस्कार. मी काही वर्षांपासून जर्मनीत माइन्झ येथे राहतो. राइन नदीच्या पलीकडच्या तीरावरील राइनगाऊ हा रीस्लिंग द्राक्षांचा जुना प्रदेश येथून जवळ असल्याने, सुट्टीच्या दिवशी तेथील लहान घरगुती वाइनरींमध्ये माझे जाणे होते. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस अशाच एका बागेत मालकीणबाईंनी मला एक खड्डा दाखवला. गाईची शिंगे ताज्या शेणाने भरून त्यांनी त्यात ओळीने मांडली होती. आता त्यांवर माती लोटायची आणि ती वसंत ऋतूपर्यंत पुरून ठेवायची, असे त्यांनी सांगितले. त्यांची बाग बायोडायनॅमिक आहे आणि शेजारची सेंद्रिय आहे.

मला मात्र शिंगांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटले. माझे आजोबा निफाड तालुक्यात द्राक्षे घेत असत. बोर्डो मिश्रणाने निळे झालेले त्यांचे हात, निळी पडलेली पिंपे आणि निळसर पाने हे माझ्या लहानपणीचे ठळक चित्र आहे. या बाईंच्या फवारणी यंत्रावर मला तोच निळा थर दिसला. विचारल्यावर त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, तांबे त्यांच्याही बागेत फवारले जाते आणि शेजारच्याही.

मग सेंद्रिय बागेत नेमके काय वर्ज्य असते? बायोडायनॅमिक बाग तिच्याहून कोणत्या बाबतीत वेगळी असते? आणि शिंगातल्या शेणाने खरोखर काही घडते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर (मातीपरीक्षक)

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे, कारण तांब्याचा प्रश्न समजला की सेंद्रिय द्राक्षशेतीचा निम्माअधिक भाग समजतो.

सेंद्रिय बाग म्हणजे काहीही न फवारलेली बाग, हा समज चुकीचा आहे. संश्लेषित बुरशीनाशके, कीटकनाशके, तणनाशके आणि रासायनिक नत्रखते तेथे वर्ज्य असतात. खनिज, वनस्पतिजन्य आणि सूक्ष्मजीवांपासून मिळणारी काही ठरावीक द्रव्ये चालतात, आणि गंधक व तांबे या यादीत आहेत. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, हाही कारखान्यातच तयार होतो. त्यामुळे ‘नैसर्गिक’ म्हणण्यापेक्षा ‘परवानगीच्या यादीतील’ असे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

तांबे या यादीत का आहे, याचे उत्तर इतिहासात आहे. फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा तिला दाद न देणारे वेल अमेरिकेतून आणले गेले आणि त्या आयातीच्या काळातच डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे आपल्याकडे ज्याला केवडा म्हणतात तो रोग, १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये पोहोचला. युरोपीय द्राक्षजातींनी या बुरशीशी कधी सामना केलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडे प्रतिकारशक्तीच नव्हती. बोर्डो विद्यापीठातील प्राध्यापक मियार्दे यांना बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींची पाने शाबूत दिसली. चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारलेला होता. त्यावर प्रयोग करून त्यांनी १८८५ मध्ये जे मिश्रण प्रसिद्ध केले, तेच आपल्या आजोबांचे बोर्डो मिश्रण. पुढे आंतरप्रवाही बुरशीनाशके आली. ती पानाच्या आत शिरतात आणि पावसाने धुऊन जात नाहीत. सेंद्रिय बागायतदाराला ती वापरता येत नाहीत, म्हणून त्याच्याकडे केवड्यावर आजही मुख्यतः तांबेच उरते.

तांब्याचे दुखणे असे की ते जड मूलद्रव्य आहे. त्याचे विघटन होत नाही; ते मातीच्या वरच्या थरात साचत जाते आणि प्रमाण वाढले की गांडुळांना व सूक्ष्मजीवांना बाधते. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो, अशी मर्यादा घातली आहे. ओल्या वर्षी थोडे जास्त आणि कोरड्या वर्षी कमी, असा हिशेब बागायतदार करतो. जर्मनीतील सेंद्रिय बागायतदार पूर्वी पोटॅशियम फॉस्फोनेटचाही आधार घेत असत. २०१३ मध्ये त्याची गणना बुरशीनाशकांत झाली आणि तो आधार गेला. त्या मालकीणबाईंना विचाराल तर त्या त्याविषयी बरेच बोलतील.

बाकीचा फरक जमिनीवर दिसतो. वेलींच्या ओळीतील तण अवजाराने काढावे लागते, मधल्या पट्ट्यांत द्विदल पिके आणि गवत वाढवले जाते, आणि प्रमाणपत्रापूर्वी तीन वर्षांचा रूपांतरकाळ पार करावा लागतो. त्या तीन वर्षांत खर्च सेंद्रिय शेतीचा असतो आणि भाव मात्र तसा मिळत नाही.

तळघरातील, म्हणजे वाइन तयार करतानाचे, नियम तुलनेने अलीकडचे आहेत. युरोपात २०१२ पर्यंत ‘सेंद्रिय वाइन’ असे लिहिताच येत नव्हते; ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढेच लिहिता येई. आता कोरड्या लाल वाइनमध्ये सल्फाइटची (वाइन टिकवणाऱ्या द्रव्याची) मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आणि पांढरीत १५० मिलिग्रॅम आहे. साध्या वाइनसाठी त्याच मर्यादा १५० आणि २०० आहेत. अमेरिकेत मात्र ‘सेंद्रिय वाइन’ या नावाखाली सल्फाइट वरून घालताच येत नाही. त्यामुळे या दोन ठिकाणच्या ‘सेंद्रिय’ बाटल्या एकाच नियमाने तयार झालेल्या नसतात.

उत्तर (जुनी बाटली)

बायोडायनॅमिकविषयी मी लिहितो. व्यवसायानिमित्त फ्रान्सच्या बोर्डो आणि लुआर भागांत माझे अनेक वर्षे जाणे-येणे आहे.

या पद्धतीचा उगम ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ श्टाइनर यांच्या आठ व्याख्यानांत आहे. ती त्यांनी जून १९२४ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी, कोबरविट्झ येथे दिली. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. शेत हा एक स्वयंपूर्ण जीव आहे, त्याचे खत, चारा आणि जनावरे शक्यतो त्यातूनच यावीत, हा त्यांचा मूळ विचार होता. १९२८ पासून ‘डेमेटर’ ही या पद्धतीची व्यापारमुद्रा आहे. बायोडायनॅमिक बागेला सेंद्रियचे सर्व नियम लागू असतातच. त्यांवर ठरावीक द्रव्ये आणि पंचांग यांची भर पडते.

आपण पाहिलेले शिंगखत हे ५०० क्रमांकाचे द्रव्य. हिवाळाभर पुरलेले शेण वसंतात काळेभोर, मातीच्या वासाचे होते. हेक्टरी सुमारे १०० ग्रॅम खत कोमट पाण्यात तासभर ढवळतात: एका दिशेने भोवरा तयार झाला की तो मोडून उलट दिशेने ढवळायचे, असे सतत. मग ते संध्याकाळी जमिनीवर शिंपडतात. ५०१ मध्ये शेणाऐवजी गारगोटीची वस्त्रगाळ पूड असते. ती उन्हाळाभर पुरतात आणि हेक्टरी अवघे काही ग्रॅम सकाळी पानांवर फवारतात. ५०२ ते ५०७ ही कंपोस्टात घालायची वनस्पतिजन्य द्रव्ये आहेत. मारिया थुन यांच्या पंचांगाप्रमाणे चंद्राच्या स्थितीवरून मूळ, पान, फूल आणि फळ असे दिवस ठरवून कामे करण्याची प्रथाही आहे.

लुआरमधील साव्हेनियेर येथील कुले द सेरां ही सुमारे सात हेक्टरांची बाग या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. सिस्टर्शियन मठवासीयांनी बाराव्या शतकात तेथे प्रथम वेली लावल्या आणि तिचे मालक निकोला जोली यांनी १९८४ पासून ती पूर्णपणे बायोडायनॅमिक केली. फ्रान्सच्याच बर्गंडी भागात लालू बीझ-लरुआ या वाइननिर्मातीने १९८८ मध्ये आणि आन-क्लोद लफ्लेव्ह यांनी १९९० पासून प्रयोग करत हीच वाट धरली. ही माणसे स्वप्नाळू नव्हती. अत्यंत महाग जमिनीवर ती हा निर्णय घेत होती.

खरी परीक्षा ओल्या वर्षी होते. बोर्डो भागातील पोइयाक येथील शातो पोंते-काने ही वाइनरी २००४ मध्ये बायोडायनॅमिककडे वळली. २००७ मध्ये केवडा इतका पसरला की त्यांनी रासायनिक फवारणी केली. प्रमाणपत्राची वाट लांबली आणि ते शेवटी २०१० च्या हंगामात मिळाले. त्या माघारीचा पश्चात्ताप मालक आल्फ्रेड तेसेराँ यांनी उघडपणे बोलून दाखवला. २०१८ मध्ये पुन्हा तसाच पाऊस झाला. या वेळी त्यांनी रासायनिक फवारणी केली नाही आणि उत्पादन हेक्टरी सुमारे १० हेक्टोलिटरवर (हजार लिटरवर) आले. मार्गो येथील शातो पाल्मेरचीही त्या वर्षी जवळपास तीच गत झाली; त्यांनी आपली दुसरी, म्हणजे मुख्य वाइनखालच्या दर्जाची, वाइन काढलीच नाही. शिंगखत, पंचांग, भोवरा सारे काही पाळूनही केवड्याने पीक नेले, हे या पद्धतीविषयी आदर असलेल्या मला स्पष्टपणे लिहावेसे वाटते. तरीही या दोन्ही बागा पुढे त्याच मार्गाने गेल्या, यात मला त्यांची निष्ठा दिसते. मात्र असा तोटा सोसण्याची ऐपत दर बागायतदाराकडे नसते.

उत्तर (दिंडोरीचा बागायतदार)

वरील दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला. मी वाइनची द्राक्षे करतो, शेनिन ब्लांक आणि शिराझ. आकडेमोड केली तर वरच्या तांब्याच्या मर्यादेचा अर्थ अधिक उघड होईल, म्हणून लिहितो.

एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि त्याला उतारा म्हणून चुना. मोरचुदात धातुरूप तांबे सुमारे चौथा हिस्सा असते. हेक्टरी १००० लिटर फवारा धरला तर १० किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबे एका फवारणीत जाते. युरोपची वर्षाची सरासरी दुसरी फवारणी पूर्ण होण्याआधीच संपते! तेथील बागायतदार आता तांब्याची बारीक कणांची सुधारित रूपे घेऊन एका वेळी काहीशे ग्रॅमांत काम भागवतात, ते याचमुळे. आमच्या वडिलांच्या पिढीने ज्या सढळ हाताने बोर्डो मारले, त्याचे तांबे आमच्या जमिनीत आजही आहे.

आपल्याकडची मुख्य अडचण मात्र वेगळी आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि वसंतात स्वतः जागा होतो. आपल्याकडे तशी थंडी नसल्याने वेल झोपतच नाही. आपण एप्रिलमध्ये (नव्या काडीसाठी) खरड छाटणी करतो, ऑक्टोबरच्या सुमारास (फळासाठी) गोडी छाटणी करतो, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतो, म्हणजे ते डोळ्यांवर लावतो. हे संश्लेषित रसायन सेंद्रियमध्ये चालत नाही. ते न लावता बाग फोडली, तर कुठे फूट निघते, कुठे निघत नाही, आणि घड मागेपुढे पिकतात. मी एका एकरात दोन हंगाम तसे करून पाहिले. पानगळ नीट करून, छाटणी थोडी लांबवून फूट बरी मिळाली, परंतु तोडणी दोनदा करावी लागली आणि द्राक्षे घेणाऱ्या वाइनरीने दुसऱ्या खेपेचा भाव कमी धरला. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस पोंग्यापासून (कोवळ्या फुटीपासून) फुलोऱ्यापर्यंत कधीही गाठतो, आणि तेव्हा केवड्याला दोन दिवस पुरतात.

वाइनच्या द्राक्षांना एक सोय आहे. खाण्याच्या द्राक्षांसारखे मणी फुगवण्यासाठी जीए (जिबरेलिक आम्ल हे वाढीचे संजीवक) लागत नाही आणि मणी लहान असलेलाच बरा असतो. भुरी या पांढऱ्या बुरशीच्या रोगावर गंधक चालतेच. शेणखत, ताग-धैंचा, ट्रायकोडर्मा आणि जीवामृत हे मी सर्व बागेत वापरतो आणि माती सुधारल्याचे मला खोऱ्याच्या पहिल्या घावात कळते. पण प्रमाणपत्राचा सेंद्रिय शिक्का घेण्याचे धाडस मी अजून केलेले नाही.

प्रश्नकर्ता (राइनकाठ)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बागायतदारांनी मांडलेला हिशेब वाचून आजोबांच्या निळ्या पिंपांकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. एक प्रश्न अजून उरला आहे: शिंगखताचा स्वतःचा परिणाम कुणी मोजला आहे का?

उत्तर (मातीपरीक्षक)

मोजला आहे, आणि आपल्या घरापासून फार दूर नाही. राइनगाऊमधीलच गाइझेनहाइम येथे २००६ पासून रीस्लिंगच्या एकाच बागेत एकात्मिक (गरजेनुसार रसायने वापरणारी), सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक अशा तीन पद्धती शेजारीशेजारी चालवल्या जात आहेत. एकात्मिकच्या तुलनेत बाकी दोन्हींत वेलीची वाढ आणि उत्पादन कमी आढळले. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक यांच्यात मात्र फरक फारच थोडे निघाले. कॅलिफोर्नियातील युकायाजवळच्या मेर्लो द्राक्षांच्या बागेत १९९६ पासून झालेल्या तुलनेतही मातीच्या गुणवत्तेत या दोहोंत ठळक फरक दिसला नाही.

हेक्टरी १०० ग्रॅम शेण खत म्हणून पुरणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे परिणाम मानायचा तर तो पोषणाखेरीज अन्य मार्गाने मानावा लागेल, आणि तसा तो या मोजमापांत दिसलेला नाही. मला स्वतःला वाटते की या पद्धतीचे फळ शिंगात नसून बागायतदाराच्या पायांत आहे. जो माणूस द्रव्ये शिंपडण्यासाठी, पंचांगाचा दिवस गाठण्यासाठी पुन्हा पुन्हा ओळींतून फिरतो, त्याला पानाखालचा केवड्याचा पहिला तेलकट डाग इतरांच्या आधी दिसतो. हा माझा तर्क आहे. गाइझेनहाइमच्या प्रयोगात तो तपासला जात नाही, कारण तेथे तिन्ही तुकड्यांकडे तीच माणसे तितक्याच काळजीने पाहतात.

आपण पुन्हा त्या बागेत जाल, तेव्हा शिंगांविषयी विचाराच. पण या वर्षी हेक्टरी किती तांबे वापरले आणि त्यासाठी किती वेळा फवारणी केली, हेही विचारा. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी त्यांना ही नोंद ठेवावीच लागते.