शब्दचर्चा : फ्रेंच 'पुबेल' – कचऱ्याचा डबा

प्रश्न : फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला 'पुबेल' म्हणतात. 'बेल' म्हणजे तर सुंदर. मग हे काय गौडबंगाल?

त्या 'बेल'चा इथे काही संबंध नाही. डब्याला मिळालंय ते एका माणसाचं आडनाव. एजेन पुबेल हे कायद्याचे प्राध्यापक. १८८३ साली ते सेन प्रांताचे प्रिफेक्ट झाले, म्हणजे पॅरिसचा कारभार त्यांच्या हाती आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी हुकूम काढला : घरमालकांनी भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवायचे, कचरा रस्त्यावर ओतायचा नाही. डबे तीन. एकात कुजणारा कचरा, दुसऱ्यात कागद नि चिंध्या, तिसऱ्यात काच, फुटकी भांडी आणि कालवांची शिंपलं. ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून आज आपल्या सोसायट्यांत पाट्या लागतात. पॅरिसमध्ये हे १८८३ मध्ये कागदावर उतरलं होतं!

खर्च अंगावर पडला म्हणून घरमालक चिडले. चिंध्या वेचणाऱ्यांना पोटाची काळजी पडली. वर्तमानपत्रं त्या डब्यांना 'बुआत पुबेल', म्हणजे पुबेलची पेटी, म्हणू लागली आणि नाव चिकटलं ते कायमचं.

प्रश्न : पण पुरुषाचं आडनाव, मग शब्द स्त्रीलिंगी कसा? 'युन पुबेल' म्हणतात ना?

अगदी नेमकं विचारलंत. 'बुआत' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. बोलताना 'बुआत' गळला, पण आपलं लिंग मागे ठेवून गेला. आपली पैठणी आठवा. मूळ 'पैठणी साडी'. साडी गळली, तरी आपण 'ती पैठणी'च म्हणतो. कोल्हापुरी चप्पल पायात घातली की नुसती 'कोल्हापुरी' होते, तसंच.

फरक एवढाच, की पैठणी म्हणताना पैठण विसरलं जात नाही. 'तुघलकी कारभार' म्हणताना तुघलकही डोळ्यांपुढे येतो. रोज पुबेलमध्ये कचरा टाकणाऱ्याला मात्र प्रिफेक्टसाहेब आठवत नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पॅरिसमधल्या घरांचं सांडपाणी थेट भुयारी गटारात सोडण्याची सक्ती १८९४ मध्ये झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. अशा माणसाच्या नावाचा पहिला अर्थ आज कचऱ्याचा डबा!

वापराबद्दल थोडं. 'सॉर्तिर ला पुबेल' म्हणजे कचरा बाहेर नेऊन ठेवणं. 'फेर ले पुबेल' याचा शब्दशः अर्थ 'डबे करणं', पण म्हणायचं असतं ते डब्यांत हात घालून कामाच्या वस्तू हुडकणं. ज्या हुकुमाने चिंध्या वेचणारे धास्तावले होते, त्यांच्या कामाला आज फ्रेंच माणूस त्याच हुकूम काढणाऱ्याचं नाव वापरतो.