मदत हवी आहे: आबांच्या डिस्चार्ज बुकात दोन मेडलं राहून गेली आहेत, नोंद कशी करून घ्यावी?

पारोळ्याची लेक:

नमस्कार मंडळी,

मी पारोळा तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत शिकवते. हा धागा माझ्या वडिलांसाठी काढते आहे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय ७७. १९६७ साली भरती झाले, १९८५ ला हवालदार होऊन पेन्शनवर घरी आले. पलटणीचं आणि रेकॉर्ड ऑफिसचं नाव इथे उघड्यावर लिहीत नाही, गरज पडली तर निरोपातून कळवीन.

अडचण अशी आहे. डिस्चार्ज बुकातल्या (सैन्यातून घरी येताना मिळतं ते सेवेच्या नोंदींचं पुस्तक) मेडलांच्या पानावर आबांच्या नावावर तीनच नोंदी आहेत: संग्राम मेडल, पंचविसाव्या स्वातंत्र्य जयंतीचं मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल. दोन नाहीत. पहिलं 'पूर्वी स्टार' नावाचं. ७१ च्या लढाईत आबांची पलटण पूर्वेला होती आणि हा स्टार आमच्या घरात, आबांच्या काळ्या पेटीत आहे. दुसरं सैन्य सेवा मेडल, 'हिमालय' क्लास्पचं (क्लास्प म्हणजे फितीवरची नावाची पट्टी). हे मेडल आबांच्या हातात कधी आलंच नाही. फक्त फीत मिळाली होती, ती वर्दीवर लावलेली एका जुन्या फोटोत दिसते.

इतकी वर्षं आम्ही कोणी ते पान नीट पाहिलं नव्हतं. यंदा १५ ऑगस्टला जवळच्या एका गावात माजी सैनिकांचा सत्कार होता. आबांनी कोट घातला, मेडलं लावली. आयोजकांनी आधीच सगळ्यांच्या डिस्चार्ज बुकांच्या झेरॉक्स मागवून घेतल्या होत्या आणि त्यावरून एकेकाची माहिती माईकवर वाचली जात होती. आबांची तीन मेडलं वाचली. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पुस्तकात तीन अन् छातीवर चार कसे?" आबा काही बोलले नाहीत. शाल-श्रीफळ घेतलं, खाली उतरले. घरी आल्यावर त्यांनी स्टार काढला, आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळला आणि पेटीच्या तळाशी ठेवला. तेव्हापासून कोट खुंटीवरच आहे. मी विषय काढला तर म्हणतात, "कागदवर नही ते नही. मी ते तठे व्हतू ना, माय."

मला ते असं सोडून द्यायचं नाही. आबा असताना त्या पानावर ती ओळ यायला हवी.

आबा सांगतात त्यावरून मला जे कळलं ते असं. लढाई संपली तेव्हा स्टार लगेच मिळाले नव्हते, ते पुढे काही वर्षांनी वाटले गेले. तोवर आबांची बदली पलटणीतून ट्रेनिंग सेंटरला झाली होती. स्टार जुन्या पलटणीतून पार्सलने आला, सोबतचा कागद कुठे गेला ते त्यांना आठवत नाही. मेडल पोचलं आणि नोंद मात्र राहिली, असं झालं असावं.

आम्ही आतापर्यंत काय केलं: जळगावला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या कल्याण संघटकांनी अर्ज नीट लिहून दिला, सोबत पत्र जोडलं आणि रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवलं. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की या मेडलांची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद चढवण्यासाठी पलटण काढते तो लेखी आदेश, आबांच्या कागदांत सापडत नाही. बस्स. पुढे काय करायचं, कोणाला विचारायचं, काहीच लिहिलेलं नाही.

माझ्याकडे काय आहे तेही सांगते. स्टार. फितीचा फोटो. आणि आबांनी आजीला लिहिलेली दोन आंतर्देशीय पत्रं, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस), शिक्का फील्ड पोस्ट ऑफिसचा, एकावर जानेवारी १९७२ वाचता येतं. पत्रात लढाईचं काहीच नाही. कापूस किती निघाला, बैलाचा पाय बरा झाला का, एवढंच विचारलंय.

यातलं पुरावा म्हणून काय चालेल? पार्ट टू ऑर्डर सापडतच नसेल तर नोंद होते का? आणि जे मेडल हातात आलंच नाही, ते आता मागता येतं का? ज्यांनी हे स्वतः केलं आहे त्यांनी कृपया लिहा.

तापीकाठ:

ताई, एक विचारू का? ही शौर्याची मेडलं नाहीत, मोहिमेची आहेत. यांच्यावर दरमहा भत्ता वगैरे काही मिळत नाही. ७७ व्या वर्षी आबांना या धावपळीत कशाला घालता?

पारोळ्याची लेक:

दादा, भत्ता नाही हे आम्हाला माहीत आहे आणि पैशांसाठी हे चाललेलं नाही. आबांच्या पेन्शनमध्ये एक रुपयाही वाढणार नाही. धावपळ मी करणार आहे. एका माणसाला भर सभेत खोटं मेडल लावल्यासारखं वाटलं आणि तो ते मेडल चिंधीत गुंडाळून ठेवतो, हे मला रोज दिसतं.

जुना हेडक्लार्क:

ताई, आबांना माझा जय हिंद सांगा. मी सुभेदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो, आयुष्य याच कागदांत गेलं. जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी: डिस्चार्ज बुकावर कोणालाही पेन लावू देऊ नका. गावात कोणीतरी शहाणा सांगतो, "एक ओळच तर आहे, लिहून टाका." खाडाखोड दिसली की जी खरी पानं आहेत त्यांच्यावरही संशय येतो. मूळ बुक पोस्टाने पाठवू नका. साक्षांकित प्रती पाठवा. मूळ मागितलंच तर हातोहात नेऊन द्या आणि पोच घ्या.

आता मुद्द्याचं. जवानाची नोंद अशी चढते: पलटण पार्ट टू ऑर्डर काढते, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रावर, चढते आणि सेवा संपताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरतात. मधली एक कडी तुटली की पुढचं सगळं कोरं राहतं. आबांची बदली झाली होती म्हणता, तिथेच हे होतं. जुनी पलटण समजते की नव्या ठिकाणचे ऑर्डर काढतील, नवे म्हणतात मेडल आमच्याकडून गेलंच नाही.

तुम्हाला आलेलं उत्तर आबांच्या फाइलपुरतं आहे. फाइलमध्ये नाही हे तर तुम्हीच सांगितलं होतं! पण मोहिमेची मेडलं एकेकट्याला मिळत नाहीत. पलटण सगळ्यांची एक यादी पाठवते, नॉमिनल रोल, आणि त्या यादीवरून मेडलं येतात. अर्जात स्पष्ट लिहा की १९७१ च्या त्या पलटणीचा पूर्वी स्टारचा रोल पाहावा. तिथे नाव निघालं तर उशिरा का होईना ऑर्डर निघते आणि शीट रोल दुरुस्त होतो.

दुसरं, स्टारच्या मागे नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. गोल मेडलं असतात त्यांच्या कडेवर असतं. हुद्दा त्या वेळचा असतो, त्यामुळे हवालदारऐवजी शिपाई दिसला तर घाबरू नका. त्याचा स्वच्छ फोटो काढून अर्जाला जोडा, कारण तो सरकारने स्वतः कोरलेला नंबर आहे.

सैन्य सेवा मेडलचा अर्ज वेगळा करा. दोन्ही एकाच कागदात घातले की एकाच्या उत्तरात दुसरं बुडतं. फीत होती म्हणजे हक्क मान्य झाला होता असं दिसतं, पण नुसत्या फोटोवर भागणार नाही. त्या भागात आबा कधीपासून कधीपर्यंत होते ते शीट रोलवरच्या पोस्टिंगमधून दाखवावं लागेल. म्हणून शीट रोलची साक्षांकित प्रत आधी मिळवा.

पत्रं जपून ठेवा. ९९ एपीओ म्हणजे पूर्वेकडची डाक, पश्चिमेची ५६ वर जायची. पत्राने मेडल सिद्ध होत नाही, पण पलटण कुठे होती याला आधार मिळतो.

साक्रीकर:

माझ्या काकांचं आम्ही २०१९ मध्ये केलं. त्यांना पेन्शन नव्हती, त्यामुळे आमचं प्रकरण जास्त अवघड होतं. पेन्शन नसलेल्यांचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, आम्हाला तसंच उत्तर आलं. मग कळलं की लाँग रोल नावाचं एक रजिस्टर कायम ठेवतात. तेवढ्यावर निदान नाव, नंबर, भरतीची आणि घरी आल्याची तारीख मिळाली. आबा पेन्शनर आहेत, त्यांचे कागद असणारच, धीर सोडू नका.

आम्हाला खरा उपयोग झाला तो काकांच्या जोडीदाराचा. त्याच कंपनीत, त्याच तारखांना असलेला माणूस. त्याच्या बुकात नोंद होती. त्याने प्रतिज्ञापत्र करून दिलं आणि स्वतःच्या पानाची प्रत जोडली. आबांचा असा कोणी जोडीदार हयात आहे का?

अजून एक. पलटणीप्रमाणे रेकॉर्ड ऑफिस बदलतं. आपल्याकडची माणसं सरळ पुण्याला जातात आणि हात हलवत परत येतात. तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. तुम्ही बरोबर ठिकाणीच लिहिलं असेल, पण हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो.

धुळ्याचा वकील:

अर्जासोबतच माहिती अधिकार वापरा. २००५ चा कायदा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज आबांच्या नावाने आणि आबांच्या सहीने करा. तुमच्या नावाने केला तर दुसऱ्याची खाजगी माहिती म्हणून नाकारतील. "नोंद का केली नाही" असं विचारू नका, कारणं विचारली की उत्तर टाळता येतं. कागद मागा: माझ्या शीट रोलची प्रत, माझ्या नावाच्या मेडलांसंबंधी पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि पूर्वी स्टारच्या रोलमधली माझ्या नावाची नोंद. पलटणीच्या हालचाली वगैरे मागू नका, सुरक्षेच्या नावाखाली सगळाच अर्ज बाजूला पडतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईला आहे, पण तो फार पुढचा दरवाजा आहे, आत्ता त्याचा विचारही नको.

पारोळ्याची लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. हेडक्लार्क काका, तुमचं उत्तर मी आबांना वाचून दाखवलं. नॉमिनल रोलचं ऐकून ते पहिल्यांदा नीट सरसावून बसले. जोडीदार एक आहेत, साताऱ्याकडचे. दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, तीन वर्षांपासून आलेलं नाही. त्या पत्त्यावर आज पत्र टाकलं.

पण एक अडचण आली. स्टारच्या मागची अक्षरं वाचताच येत नाहीत. आई दर दिवाळीला देवाच्या भांड्यांसोबत स्टारही चिंच आणि राखेने घासायची. तिचं मन त्यात होतं, तिला काय बोलणार. नाव थोडं लागतं, नंबर जवळपास सपाट झालाय.

जुना हेडक्लार्क:

आता अजिबात घासू नका, ब्रासो तर मुळीच नको. रात्री खोलीतला दिवा मालवा. स्टार पालथा टेबलावर ठेवा आणि मोबाईलची बॅटरी वरून न धरता अगदी बाजूने, टेबलाला चिकटून धरा. कोरलेल्या रेघांत सावली पडते. बॅटरी हळूहळू फिरवत चारही बाजूंनी फोटो काढा. एका फोटोत एक आकडा दिसतो, दुसऱ्यात दुसरा. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली तरी उमटतं.

पारोळ्याची लेक:

काका, नंबर निघाला! काल रात्री माझा मुलगा बॅटरी धरून बसला आणि मी फोटो काढत गेले. अकरावा की बारावा फोटो असेल, सगळे आकडे एका ओळीत दिसले.

मी आबांना म्हटलं, तुमचा नंबर सांगा. खाटेवर आडवे होते, उठून ताठ बसले आणि न अडखळता एका दमात म्हणून दाखवला. डिस्चार्ज बुकात तोच आहे. स्टारवर मात्र पाचवा आकडा वेगळा आहे. आबांच्या नंबरात एक आहे, स्टारवर सात. नाव आबांचंच, पलटणही तीच. तीन वेळा पाहिलं, पेन्सिलनेही काढून पाहिलं, सातच आहे.

म्हणजे रेकॉर्ड ऑफिसला आबांच्या नंबरावर काही सापडणारच नव्हतं का?

जुना हेडक्लार्क:

ताई, अगदी हेच. हाताने लिहिलेल्या यादीत एक आणि सात यांची गल्लत मी किती पाहिली असेल याची गणती नाही. टंकलेखकाने रोलमध्ये सात केला, मेडल त्याच नंबराचं कोरून आलं, आणि ऑर्डर निघाली असेल तर ती सातवाल्या नंबरावर गेली. तो नंबर दुसऱ्या कोणाचा असेल तर त्याच्या फाइलला लागली असेल, नाहीतर न जुळणाऱ्या कागदांत पडली असेल.

अर्ज बदला. दोन्ही नंबर एकाखाली एक लिहा. "रोलमध्ये माझा नंबर चुकीचा पडला आहे, नाव, वडिलांचं नाव आणि पलटण पडताळून पाहावी" एवढं एकच वाक्य ठळक असू द्या. बॅटरीचा फोटो आणि पेन्सिलचा कागद दोन्ही जोडा. माहिती अधिकारातही रोलची नोंद दोन्ही नंबरांवर मागा. सैन्य सेवा मेडल यात आणू नका, ते शीट रोल हातात आल्यावर.

पारोळ्याची लेक:

दोन्ही अर्ज आज पारोळा पोस्टातून स्पीड पोस्टने गेले, पावत्या फाइलला लावल्या. सही करायच्या आधी आबांनी स्टार मागून घेतला, दारात उजेडाकडे धरून बराच वेळ स्वतः पाहिला. म्हणाले, "एकना सात करी टाका त्यास्नी." मग चष्मा लावला आणि सहीखाली आपला नंबर लिहिला. एक मुद्दाम ठसठशीत काढला, वर टोपी आणि खाली आडवी रेघ देऊन.

स्टार परत चिंधीत गेला नाही, सध्या देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन. साताऱ्याकडे कोणी असेल तर कृपया मला निरोप करा, जोडीदारांचं गाव कळवते.