मदत हवी आहे : डेसिल ग्लुकोसाइडचा शाम्पू नीट घट्ट कसा करायचा?

नमस्कार मंडळी, मी लातूरची. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की साबणानं डोकं धुतलं की केस राठ आणि चिकट. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा साका होतो अन् तो केसांवरच बसतो. म्हणून बचत गटातल्या आम्ही बायकांनी डेसिल ग्लुकोसाइड (साबणाऐवजी मळ धुणारं सौम्य द्रव्य) आणलं. ते नॉन-आयनिक, म्हणजे विद्युतभार नसलेलं, त्यामुळं जड पाण्यात साका होत नाही. लेकीच्या कोरड्या टाळूला तर फारच मानवलंय.

अडचण घट्टपणाची आहे. या जातीच्या सर्फॅक्टंटला (मळ धुणाऱ्या द्रव्याला) घट्ट करायला मीठ लागू पडत नाही, कितीही घाला, शाम्पू पाण्यासारखाच. झँथन गम (घट्टपणा आणणारी डिंकासारखी पूड) ग्लिसरीनमध्ये कालवून घातला तर घट्ट होतो, पण ओतताना पाकासारखी तार सुटते. बायकांना ते आवडत नाही.

मूळ द्रावणाचा पीएच ११ च्या वर असतो. तो सायट्रिक ॲसिडनं ५ च्या जवळ आणतो, शाम्पू टिकावा म्हणून घातलेल्या सोडियम बेंझोएटला तेवढा लागतोच.

तार न सुटता घट्ट करायला तुम्ही काय वापरता? जोडीला कोको बीटेन (खोबरेलापासून बनणारं दुसरं फेसाचं द्रव्य) घेतलं तर किती? आणि थोडं खोबरेल घातलं तर इथल्या ४० अंशांच्या उन्हाळ्यात वर तवंग येईल का? स्वतः बनवून विकणाऱ्यांनी प्रमाणासकट सांगा, फार उपकार होतील.