मदत हवी आहे: फॅक्टर १३ ची कमतरता आणि हर्नियाचं ऑपरेशन

माझ्या भाच्याला (वय ९) जन्मापासून फॅक्टर १३ ची (रक्ताची गुठळी पक्की करणारं प्रथिन) गंभीर कमतरता आहे, हिमोफिलिया नाही. निदान मुंबईत परळच्या एनआयआयएचमध्ये (रक्ताच्या आजारांवरची राष्ट्रीय संस्था) झालंय. दर महिन्याला क्रायो (दात्यांच्या रक्तातून काढलेला, गोठण्याचे घटक असलेला भाग) चढवतात, त्यावर तो छान आहे. आता हर्नियाचं ऑपरेशन ठरतंय. तातडीचं नाही.

अडचण अशी की पीटी, एपीटीटी (रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या) नॉर्मल बघून इथले सर्जन म्हणतात, काळजी नको. पण या आजारात हे रिपोर्ट नॉर्मलच येतात! गुठळी होते, पण पक्की होत नाही. टाके कोरडे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी रक्त सुरू होतं. जन्मानंतर नाळेच्या वेळी तेच झालं होतं. त्यामुळे त्याच दिवशी घरी सोडण्याला आमचा ठाम नकार आहे.

हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) दाखवलंय, त्यांनी क्रायो आणि ट्रॅनेक्सा (गुठळी विरघळू न देणारं औषध) सुचवलंय. डोस तेच ठरवतील, इथे मी डोस विचारत नाही. फॅक्टर १३ चं कॉन्सन्ट्रेट (फक्त तोच घटक असलेलं इंजेक्शन) चौकशी करूनही मिळालं नाही. आम्ही कोल्हापूरला असतो. पुण्या-मुंबईला राहायची तयारी आहे.

फक्त क्रायोवर असं ठरवून केलेलं ऑपरेशन कुणाच्या घरी झालंय का? ऑपरेशनआधी फॅक्टरची पातळी मोजली होती का, कुठे, आणि नंतर किती दिवस ॲडमिट ठेवलं?